दिवाणी दाव्याच्या ज्यूरीतून मला कारण न देता काढलं – कुणी काढलं असेल, ओळखा

परसबागवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सिटिझनशिप घेतली की मतदानाच्या हक्काबरोबर ज्यूरीचं समन्सही येतं, हे सगळे सांगत होतेच. यंदा आलं. न्यू जर्सीतलं काउंटी कोर्ट. दावा दिवाणी: सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून धडक, वादीची मान आणि कंबर दुखावली, प्रतिवादीचं म्हणणं धक्का किरकोळ होता आणि कंबरदुखी जुनीच. तुरुंगाबिरुंगाचा प्रश्न नाही, मामला पैशांचा.

दिवाणी निकालाला इथे सहा ज्यूरर लागतात. मध्येच कोणी आजारी पडलं तर म्हणून आमच्या खटल्यात आठ बसवणार होते. नावं पुकारली, त्यात माझं आलं, जाऊन पाचव्या खुर्चीत बसलो. हातात छापील प्रश्नांचा कागद. प्रश्न विचारतात न्यायाधीशबाई, वकील बहुतेक वेळ नुसते लिहून घेत असतात. तुम्ही किंवा घरातलं कोणी अपघातात सापडलंय का, कोणी इन्शुरन्समध्ये काम केलंय का, नुकसानभरपाईच्या दाव्यांबद्दल काही ठाम मत आहे का वगैरे. मग प्रत्येकाने आपली माहिती सांगायची: शिक्षण, नोकरी, घरात कोण कोण आणि ते काय करतात, टीव्हीवर काय बघता, बातम्या कुठून कळतात, फावल्या वेळात काय करता. आणि हे मी रचून सांगत नाही: गाडीला राजकीय उमेदवाराचा सोडून दुसरा कुठला बंपर स्टिकर असेल तर त्यावर काय लिहिलंय, हेही.

माझी उत्तरं अशी. नोकरी: एका विमा कंपनीच्या क्लेम्सच्या सॉफ्टवेअरवर. बायको: फिजिओथेरपिस्ट. टीव्ही: क्रिकेट आणि बेकिंगचे कार्यक्रम. फावला वेळ: परसातली मेथी आणि दुधी. स्टिकर: 'गणपती बाप्पा मोरया'. न्यायाधीशबाई हसल्या. 'या सगळ्यामुळे तुम्हाला निःपक्षपातीपणे निर्णय देणं अवघड जाईल का?' मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, 'थँक यू.' मला वाटलं, झालो पास.

मग एक वकीलसाहेब उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'ज्यूरर नंबर पाच यांचे आभार मानून आम्ही त्यांना मोकळं करतो.' बस्स. कारण नाही, चर्चा नाही. बाईंनीही विचारलं नाही. मी पिशवी उचलून पुन्हा खालच्या हॉलमध्ये. दिवसाचा भत्ता ५ डॉलर.

याला पेरेम्प्टरी चॅलेंज म्हणतात. न्यू जर्सीत दिवाणी दाव्यात प्रत्येक पक्षाला अशी सहा मिळतात, फेडरल कोर्टात तीन. इतपत घरी येऊन वाचलं. आता दोन प्रश्न:

१. मला वादीने काढलं की प्रतिवादीने? ओळखा.
२. वादीचं आडनाव भारतीय होतं. माझ्याआधी त्याच वकिलाने आणखी एका देशी बाईंना काढलं. हे चालतं?

---

चहात_खारी

सोप्पं आहे. वादीच्या वकिलाने. विमा कंपनीचा माणूस क्लेम बघितला की आधी कात्रीच शोधणार.

(मोरया स्टिकरमुळे काढलं असेल तर मात्र मी या धाग्यावर उपोषणाला बसेन.)

---

मनमौजी७७

+१, वादीच. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

नर्मदाकाठ

प्रतिवादी. बायको फिजिओ आहे ना! रोज संध्याकाळी जेवताना कोणाची मान कशी आखडली हेच ऐकत असणार. असा माणूस कंबरदुखी खोटी मानेल?

---

अटर्नी_आत्या

मी या धंद्यात बरीच वर्षं आहे, प्रामुख्याने दिवाणी दावे, दोन्ही बाजूंनी. म्हणून जरा पाल्हाळ लावते.

वकील ज्यूरीत कोणालाच घेऊ शकत नाही, फक्त काढू शकतो. काढायचे रस्ते दोन. पहिला सकारण. ज्यूरर वादीचा मेव्हणा आहे, प्रतिवादी कंपनीचे शेअर बाळगून आहे, किंवा स्वतःच म्हणतो की मला असल्या दाव्यांची चीड आहे. असे कितीही काढता येतात, पण कारण न्यायाधीशाला पटलं पाहिजे. दुसरा रस्ता म्हणजे परसबागवाल्यांच्या वाट्याला आलेला. संख्या मोजकी, कारण गुलदस्त्यात.

आता दुसरा रस्ता ठेवलाच कशाला? पहिला जिथे अडतो ती जागा बघा. बाई म्हणते, 'माझ्या भावावर असाच दावा लागला होता, त्याचं घर गेलं.' न्यायाधीश विचारतात, 'ते बाजूला ठेवून तुम्ही या खटल्याचा निःपक्षपातीपणे विचार करू शकाल ना?' भरल्या कोर्टात, काळा झगा घातलेल्या माणसासमोर, शंभरातले किती 'नाही' म्हणतील? बाई म्हणते, 'हो.' झालं, सकारण आक्षेप फेटाळला. आता ती बाई तुमच्या अशिलाच्या लाखो डॉलरचा निर्णय करणार. शिवाय तुम्ही तिच्यावर आक्षेप घेतलात हे तिला कळलं असेल तर ती तुमच्यावर खार खाऊन बसणार. अशा वेळी पेरेम्प्टरी खिशात असली की बरं वाटतं. मी ती वापरली आहे आणि वापरल्याची लाज वाटत नाही.

पण हा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही. सातव्या दुरुस्तीत (१७९१) फेडरल कोर्टातल्या दिवाणी ज्यूरीचा हक्क आहे, वाद २० डॉलरच्या वरचा असला की. तो २० चा आकडा आजही तसाच आहे. पेरेम्प्टरी मात्र साध्या कायद्याने आणि नियमांनी दिलेली. देता येते, कमी करता येते, काढूनही घेता येते.

माझा अंदाज: प्रतिवादीने काढलं. पण वादीच्या वकिलानेही तुमच्यावर खूण करून ठेवली असेल. तुम्ही दोघांनाही नको होतात, कोण आधी उभा राहतो एवढाच प्रश्न.

---

परसबागवाला

नर्मदाकाठ आणि आत्या, बरोबर. प्रतिवादीच्या वकिलाने. मला स्वतःला वाटत होतं की विम्याच्या नोकरीमुळे ती बाजू मला जपेल!

आता दुसऱ्या प्रश्नाचं सांगा आत्या. प्रतिवादीने दोन देशी काढले, वादी देशी. जे आठ बसले त्यात देशी कोणी नव्हतं.

---

रोखठोक_राव

यात विचारायचं काय? प्रत्येक बाजू आपला फायदा बघणार. वादीचा वकील देशी ठेवायला बघत होता, प्रतिवादीचा काढायला. फिट्टंफाट. प्रत्येक ठिकाणी भेदभाव शोधायची इथे सवयच लागलीय.

---

अटर्नी_आत्या

रावसाहेब, तुमचं म्हणणं सुप्रीम कोर्टात मांडलं गेलं आहे आणि सहा विरुद्ध तीन मतांनी हरलं आहे. खटला दिवाणीच होता, तो सांगते.

थॅडियस एडमन्सन नावाचा कृष्णवर्णीय बांधकाम कामगार. लुइझियानातल्या फोर्ट पोल्क या लष्करी तळावर काम चालू होतं. लीसव्हिल काँक्रीट कंपनीचा ट्रक मागे घरंगळला आणि तो ट्रक व बांधकामाची यंत्रं यांच्यामध्ये चेंगरला. त्याने फेडरल कोर्टात दावा लावला. कंपनीच्या वकिलाने तीनपैकी दोन पेरेम्प्टरी वापरून दोन कृष्णवर्णीय ज्यूरर काढले. एडमन्सनच्या वकिलाने हरकत घेतली: यांना कारण विचारा. न्यायाधीश म्हणाले, दिवाणी खटल्यात तशी गरज नाही. ज्यूरी बसली, अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय. निकाल: एकूण नुकसान ९०,००० डॉलर, पण ८० टक्के चूक एडमन्सनचीच, म्हणून हातात १८,०००.

आता तो आकडा बघा. दिवाणीत ज्यूरी नुसतं हो-नाही म्हणत नाही, टक्के ठरवते. ८० च्या जागी ४० म्हटलं असतं तर ५४,००० झाले असते. खोलीत कोण बसलंय याचा फरक असा थेट डॉलरमध्ये पडू शकतो.

फौजदारीत हे आधीच, १९८६ च्या बॅटसन खटल्यात ठरलं होतं: सरकारी वकिलाने वर्णावरून ज्यूरर काढायचे नाहीत. पण तिथे सरकार होतं. इथे एका खाजगी माणसाचा खाजगी कंपनीवर दावा. घटना सरकारला बांधते, काँक्रीट कंपनीला कशी बांधेल? हाच खरा पेच होता. १९९१ मध्ये न्या. केनेडींनी बहुमताचा निकाल लिहिला, त्याचा गाभा असा: वकील नुसता उभा राहून बोलतो, पण त्या ज्यूररला खुर्चीतून उठवतो तो न्यायाधीश. समन्स सरकारचं, इमारत सरकारची, ज्यूरीचा अधिकार सरकारने दिलेला. कोर्टाच्या ताकदीशिवाय पेरेम्प्टरी चालूच शकत नाही, मग ती निव्वळ खाजगी कृती कशी?

न्या. ओकॉनर यांना ते पटलं नाही. सरकारी व्यवस्थेच्या आत मुद्दाम राखून ठेवलेला हा खाजगी कोपरा आहे, असं त्यांचं म्हणणं. न्या. स्कालियांची तक्रार जास्त व्यवहारी होती: आता प्रत्येक दिवाणी खटल्यात मूळ भांडणाआधी हे एक भांडण होणार, आणि अल्पसंख्याक वादीलाही आपल्या माणसांसाठी पेरेम्प्टरी वापरणं अवघड जाणार. हे दुसरं खरंच आहे. परसबागवाल्यांच्या खटल्यातल्या वादीने गोरे आहेत म्हणून चार ज्यूरर काढले असते, तर तेही तितकंच बेकायदा. फिट्टंफाट चालत नाही, रावसाहेब.

---

रोखठोक_राव

बरं, ठरलं की वर्णावरून काढायचं नाही. मग वकील म्हणणार, 'छे छे, वर्ण नाही, मला त्याचा चष्मा आवडला नाही.' पुढे?

---

अटर्नी_आत्या

इथे मात्र तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत.

पद्धत तीन पायऱ्यांची. आधी हरकत घेणाऱ्याने दाखवायचं की संशयाला जागा आहे. मग काढणाऱ्याने वर्णाशी संबंध नसलेलं काही कारण सांगायचं. मग न्यायाधीशाने ठरवायचं, हे खरं कारण की बहाणा. १९९५ मध्ये मिसूरीतलं एक फौजदारी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे सरकारी वकिलाने सांगितलं होतं की एकाचे केस लांब आणि कुरळे, शिवाय मिशी आणि बोकडदाढी, संशयास्पद वाटला. कोर्ट म्हणालं, दुसऱ्या पायरीला कारण पटण्यासारखं असायची गरज नाही, वर्णाशी निगडित नसलं की पुरे. तुमचा चष्मा त्याच जातकुळीतला.

परसबागवाल्यांच्या बाबतीत तर बहाण्याचीही गरज नव्हती. 'पत्नी फिजिओथेरपिस्ट' एवढं म्हटलं असतं की विषय संपला. त्या दुसऱ्या बाईंबद्दल मला माहीत नाही. त्या नर्स वगैरे होत्या का?

न्यू जर्सीने २०२२ मध्ये नियम बदलला आहे, हेही सांगायला हवं. वकिलाच्या मनात खरंच भेदभाव होता, हे आता सिद्ध करावं लागत नाही. सगळी माहिती असलेल्या समंजस माणसाला हे भेदभावाचं वाटेल का, एवढं न्यायाधीशाने बघायचं. पण कोणीतरी हरकत घ्यायला हवी. वादीचा वकील गप्प बसला, विषय तिथेच मिटला. भेदभाव न होण्याचा हक्क ज्यूररचाही आहे, पण तो मांडायचा खटल्यातल्या पक्षांनी. तुम्ही खुर्चीतून उठून 'माझी हरकत आहे' म्हणू शकत नाही.

---

परसबागवाला

त्या बाई शाळेत गणित शिकवतात म्हणाल्या होत्या. नवरा निवृत्त. बाकी सगळी उत्तरं 'नाही'.

---

अटर्नी_आत्या

मग वादीच्या जागी मी असते तर हरकत घेतली असती. निदान कारण तरी वदवून घेतलं असतं. शिक्षकांना काढणारे वकील असतात, असं काढायचं कारणही ते देतात, त्यामुळे टिकलं असतं की नाही हे सांगता येत नाही.

---

क्वीन्सची_मावशी

आमच्या न्यूयॉर्कची तऱ्हा अजून वेगळी. मी दिवाणीला दोनदा जाऊन आलेय. तिथे ज्यूरीच्या प्रश्नोत्तरांना न्यायाधीश बहुतेक नसतातच! एका खोलीत आम्ही आणि दोन्हीकडचे वकील. ते स्वतः प्रश्न विचारतात, विनोद करतात, आणि विचारता विचारता आपली केस हळूच गळी उतरवतात. 'फुटपाथवरचा बर्फ काढणं ही दुकानदाराची जबाबदारी आहे असं तुम्हाला वाटतं ना?' अरे, हा प्रश्न आहे की भाषण? फारच बिनसलं तर उठून न्यायाधीशाकडे जातात. मग आम्हाला बाहेर काढून दोघं आत कुजबुजतात आणि कारकून येऊन नावं वाचतो, ही मंडळी घरी जाऊ शकतात. कोणी काढलं, का काढलं, काहीच कळत नाही. परसबागवाल्याला निदान तोंड तरी दिसलं.

तिथे प्रत्येक बाजूला तीन मिळतात, जादाचे ज्यूरर घेतले की त्या हिशेबाने वाढतात.

---

ह्यूस्टन_हरी

टेक्सासमध्ये तर कागदावर काम. डिस्ट्रिक्ट कोर्टात बारा जणांची ज्यूरी, दहांचं एकमत पुरे. प्रत्येक पक्षाला सहा. दोन्हीकडचे वकील यादी घेऊन वेगवेगळे बसतात, आपापली सहा नावं खोडतात आणि कारकुनाला देतात. मग वरून खाली न खोडलेले पहिले बारा. दुसऱ्याने कोणाला खोडलं हे खोडताना माहीत नसतं, त्यामुळे कधी कधी दोघं एकाच माणसावर काट मारतात आणि एकेक काट वाया जाते.

यात गंमत अशी की सकारण गेलेले वगळले की पहिल्या चोवीस जणांतच खेळ संपतो. बारा अधिक सहा अधिक सहा. चाळिसाव्या खुर्चीतला माणूस निवांत डुलकी काढू शकतो. म्हणूनच वकील आधी पुढच्या रांगांकडे बघतो आणि रंग पसंत नाही पडला (दोन्ही अर्थांनी) तर यादी पिसायला सांगतो. याला तिथे खरंच 'शफल' म्हणतात, पत्त्यांसारखं. एकदाच मागता येतं, प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आधी. म्हणजे कोणी तोंड उघडण्यापूर्वी, नुसत्या चेहऱ्यांवरून.

अवांतर: १९९८ मध्ये आमच्याच राज्यात अमरिलोला गुरांच्या व्यापाऱ्यांनी ओप्रा विनफ्रीवर बीफबद्दल बोलली म्हणून दावा ठोकला होता. तिच्या बाजूने ज्यूरीचा सल्लागार म्हणून घेतलेला माणूस म्हणजे फिल मॅकग्रॉ. दावा ओप्राने जिंकला आणि हा पुढे टीव्हीवर डॉ. फिल झाला. ज्यूररच्या मनात काय चाललंय ते ओळखून देणं हा तिथे रीतसर धंदा आहे.

---

चहात_खारी

म्हणजे ज्योतिषीच की. फक्त बिल तासावर.

---

फिनिक्सचा_फणस

आमच्या ॲरिझोनात हा सगळा तमाशा बंद आहे. १ जानेवारी २०२२ पासून पेरेम्प्टरी नाही, फौजदारीत नाही आणि दिवाणीतही नाही. देशातलं पहिलं राज्य. अपील कोर्टाच्याच दोन न्यायाधीशांनी अर्ज केला होता की बॅटसनची मलमपट्टी पुरत नाही, मुळातूनच काढा. तिथल्या सुप्रीम कोर्टाने ऐकलं.

---

रोखठोक_राव

आणि त्यामुळे न्याय जास्त झाला?

---

फिनिक्सचा_फणस

ते मला विचारू नका, मी पाण्याच्या पाइपांचा इंजिनिअर. पण माझा शेजारी वकील आहे, तो सांगतो की आता आधी लांबलचक लेखी प्रश्नावली मागतात आणि सकारण आक्षेपांवर जास्त वेळ घालवतात. पूर्वी जो माणूस गुपचूप कटवता यायचा त्याच्याकडून आता खोदून खोदून काढावं लागतं की बाबा तुझं नेमकं मत काय. त्याला ते आवडत नाही. मला वाटतं तसंच हवं.

---

अटर्नी_आत्या

बॅटसनच्याच निकालात न्या. थरगुड मार्शल यांनी वेगळं मत लिहून ठेवलं होतं की पेरेम्प्टरी पूर्ण बंद केल्याशिवाय हे थांबणार नाही. ॲरिझोनाला ते पटायला पस्तीस वर्षं गेली.

मी स्वतः तितकी लांब जाणार नाही. मला वॉशिंग्टन राज्याची वाट बरी वाटते. २०१८ मध्ये त्यांनी नियम केला, सगळ्या ज्यूरी खटल्यांना लागू. काही कारणं दिलीत तर ती आधीच संशयास्पद धरली जातात: पोलिसांवर विश्वास नाही, गुन्हेगारीच्या वस्तीत राहतो, सरकारी मदत घेतो, इंग्रजी मातृभाषा नाही. 'झोपलेला दिसत होता', 'डोळ्याला डोळा देत नव्हता' असली कारणं तर कोर्टाला आणि समोरच्याला आधी कळवून, त्यांनीही तसं पाहिलं असेल तरच. म्हणजे रावसाहेबांचा चष्मा तिथे चालवणं कठीण. कॅलिफोर्नियाने तसाच कायदा फौजदारीला २०२२ पासून केला आणि दिवाणीला २०२६ पासून.

---

बेलव्ह्यूची_बाय

इंग्रजी मातृभाषा नसणं हे कारण चालत नाही हे वाचून बरं वाटलं. माझ्या उच्चारांमुळे मला काढतील अशी धास्ती होती. म्हणजे खरं सांगायचं तर आशाच होती.

---

मनमौजी७७

कामाचा प्रश्न: ज्यूरीतून सुटण्यासाठी नेमकं काय बोलावं? बॉस वैतागलाय.

---

क्वीन्सची_मावशी

अरे बाळा, हा प्रश्न प्रत्येक धाग्यावर कसा येतो? शपथ घेऊन खोटं बोलायचं नाही. तारीख पुढे ढकलून मिळते, समन्सवरच लिहिलेलं असतं कसं ते. वाचावं जरा.

---

नर्मदाकाठ

आत्या, वर्णाचं कळलं. बाया-पुरुषांचं काय? कंबरदुखीच्या दाव्यात बायका सहानुभूती दाखवतील म्हणून सगळ्या बायका काढल्या तर?

---

अटर्नी_आत्या

तेही बंद, १९९४ पासून. आणि तो खटलाही दिवाणीच, फक्त तिथे बाया नाही, पुरुष काढले होते. अलाबामात राज्य सरकारने एका आईच्या वतीने दावा लावला: हा मुलाचा बाप आहे, पोटगी द्यायला लावा. राज्याच्या वकिलाने दहापैकी नऊ पेरेम्प्टरी पुरुषांवर खर्च केल्या. तो बाप म्हणवला जाणारा माणूसही काही कमी नव्हता, त्याने एक सोडून सगळ्या बायकांवर वापरल्या. शेवटी ज्यूरी बारा बायकांची. सुप्रीम कोर्टाने हे रद्द ठरवलं, पुन्हा सहा विरुद्ध तीन. स्कालियांनी तिथे टोला हाणला की चाचणीत पितृत्व ९९.९२ टक्के निघालेलं असताना ज्यूरीत बायका होत्या की पुरुष याने काय फरक पडला. मला तो टोला अजून आवडतो, निकाल बरोबर वाटत असूनही.

पुढे २०१४ मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने (पश्चिमेकडच्या राज्यांचं फेडरल अपील कोर्ट) यादीत लैंगिक कलाची भर घातली. तोही दिवाणीच, ॲबट आणि स्मिथक्लाइन बीचम या दोन औषध कंपन्यांचं भांडण, एचआयव्हीच्या औषधाची किंमत ॲबटने ४०० टक्क्यांनी वाढवली त्यावरून. ॲबटच्या वकिलाने पहिलीच पेरेम्प्टरी एका समलिंगी ज्यूररवर वापरली. एचआयव्हीच्या औषधाच्या खटल्यात! कारण सांगायची संधी मिळाली तेव्हा वकिलाने नीट काही सांगितलंही नाही.

---

गिरगावचे_आबा

धागा वाचतोय केव्हाचा. कोणी 'नानावटी' म्हणायच्या आत सांगून टाकतो की तो खटला फौजदारी होता, त्यामुळे इथे गैरलागू. आपल्याकडची फौजदारी ज्यूरी गेली ती गेलीच.

पण मंडळी, कारण न देता ज्यूरर काढायची सोय आपल्या मुंबईत आजही कायद्यात आहे, तीही दिवाणी बाबतीत. हायकोर्टात पारशी चीफ मॅट्रिमोनिअल कोर्ट भरतं. १९३६ च्या पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्याखाली. न्यायाधीशाबरोबर पाच डेलिगेट बसतात, सगळे पारशी. पूर्वी सात असत, १९८८ च्या दुरुस्तीने पाच केले. ज्यूरी हा शब्द कायद्यात नाही, पण काम तेच: कायद्याचा प्रश्न न्यायाधीशाचा, वस्तुस्थितीचा निर्णय डेलिगेटांच्या बहुमताचा. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात लिहिलंय की प्रत्येक पक्षाला, कारण न देता, हजर डेलिगेटांपैकी दोघांवर आक्षेप घेता येईल आणि मग त्यांना घ्यायचं नाही.

मी तिथे वकील नव्हतो, ऑफिसात होतो. एवढं सांगतो, समाज लहान आहे. डेलिगेटांची यादी राज्य सरकार नेमतं, मुंबईसाठी तीसच्या आतली, एकेकाची मुदत दहा वर्षं. नवरा-बायकोपैकी कोणाचा तरी मामा कोणातरी डेलिगेटबरोबर जिमखान्यात पत्ते खेळतोच. 'हा मला नको' एवढंच म्हणता येणं, का ते चारचौघांत न सांगता, ही तिथे चैन नाही.

---

परसबागवाला

आबा, हे भारीच! आत्या, तुम्हाला माहीत होतं?

---

अटर्नी_आत्या

नाही. आबा, मग एक विचारते. सगळेच पारशी, त्यामुळे वर्णाचा प्रश्न येत नाही. पण घटस्फोटाच्या दाव्यात बायकोने दोन पुरुष काढले आणि नवऱ्याने दोन बायका, तर हरकत घ्यायची सोय आहे का? आमच्याकडे त्या अलाबामाच्या खटल्यानंतर दोघांनाही जाब द्यावा लागला असता.

---

गिरगावचे_आबा

कलमात 'कारण न देता' एवढंच आहे, पुढे काही नाही. आणि ज्यांच्यावर आक्षेप येतो ते डेलिगेट वाईट वाटून घेतात असंही मला कधी दिसलं नाही. बऱ्याचदा सुटल्यासारखे उठून जातात.

---

रोखठोक_राव

परसबागवाले, बघा. नाहीतर सात जणांबरोबर बसून परक्या माणसाच्या कंबरेचे एक्स-रे बघत बसला असतात.

---

परसबागवाला

बसलो असतो हो. आवडीने बसलो असतो.